रिमवर कुठला टायर बसतो आणि कुठला नुसता चढतो: गोव्यातल्या नवख्या गाडीवाल्यांसाठी

मे महिना अर्धा सरला की म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली कुठेही जा, टायरच्या दुकानांसमोर गाड्या लागलेल्या असतात, कारण पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्यांनाच टायर बदलायचे असतात. आणि याच घाईत गडबड होते. आपली साइज नेमकी स्टॉकमध्ये नसते, मग दुकानदार म्हणतो, "हो व्हर, मातसो रूंद आसा, पूण बसता मरे, कांय जायना." म्हणजे हा घेऊन जा, थोडा रुंद आहे, पण बसतो, काही होत नाही. आता तो खोटं बोलत नसतो, टायर खरंच चढतो, कारण टायर चढवायचं मशीन बऱ्यापैकी जवळचा कुठलाही टायर रिमवर चढवून देतं. पण चढला म्हणजे नीट बसला असं नाही, आणि हा फरक कळतो तो भर पावसात चोर्ला घाट उतरताना किंवा हायवेवर जोरात ब्रेक मारल्यावर. मी माझ्या गाडीचे आणि घरातल्या, शेजारपाजारच्या गाड्यांचे टायर बदलताना हे सगळं एकेक करून शिकलो, तेव्हा पहिल्यांदाच टायर घेणाऱ्यांना किंवा सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना सरळ क्रमाने सांगतो.

आधी हे हाताशी ठेवा

टॉर्च (मोबाइलचा चालेल), शिंप्याकडे असते तशी मापाची पट्टी, हवा मोजायचं छोटं गेज, जुनं फडकं आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर. कागदांत गाडीचं आरसी, विम्याची पॉलिसी आणि गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक. पुस्तक नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ बहुतेक मिळतं, आपल्याच मॉडेलचं आणि आपल्याच वर्षाचं आहे ना एवढं बघून डाउनलोड करा.

१. ड्रायव्हरच्या दाराचं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर दिसतं, त्यावर टायरची साइज आणि हवेचं प्रेशर छापलेलं असतं. आपली सुरुवात इथूनच. गाडीवर आत्ता जो टायर आहे तिथून सुरुवात करायची नाही, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर, कारण आधीच्या मालकाने काय बसवलंय कोणाला माहीत. स्टिकरवर कधी दोन साइज असतात कारण एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला वेगळी चाकं येतात. बलेनोचं घ्या, खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ आणि वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. दोन्ही कंपनीने त्या गाडीवर चालवून बघितलेल्या साइज आहेत, म्हणून बदल करायचाच असेल तर सगळ्यात सुरक्षित बदल हाच, आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची साइज, त्याच्याच रिमसकट.

सूर्यप्रकाशाने आणि धुण्याने स्टिकर उडालेलं असेल तर मालकाच्या पुस्तकात बघा.

२. टायरवरचा आकडा फोडून वाचा

उदाहरण म्हणून १८५/६५ आर १५ ८८ एच धरू.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, ती रुंदीच्या ६५ टक्के. इथे बरेच जण फसतात, त्यांना वाटतं ६५ ला ६५ आहे मग रुंदी वाढवली तरी उंची तेवढीच राहील, पण १८५ चे ६५ टक्के आणि २०५ चे ६५ टक्के सारखे कसे असतील? आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा वजनाचा आकडा आणि एच हे वेगाचं अक्षर, त्या दोघांवर पुढे येतो.

३. आता रिम वाचा, कारण रिम कोणी वाचतच नाही

टायर सगळे वाचतात, रिम कोणी नाही. रिमवरचा आकडा बाहेरून सहसा दिसत नाही. अलॉय असेल तर आतल्या बाजूला, स्पोकच्या मागे किंवा मधल्या भोकाजवळ उठावाची अक्षरं असतात, लोखंडी रिम असेल तर व्हॉल्व्हच्या आसपास किंवा नटांच्या भोवती ठोकलेला आकडा असतो. लाल माती आणि ब्रेकची काळी पूड यांचा थर बसलेला असतो त्यामुळे ओल्या फडक्याने घासून टॉर्च तिरका मारल्याशिवाय काही दिसत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे चाक काढलेलं असतानाच बघणं, स्टेपनीचं रिम तेच असेल तर ते डिकीतून काढून बघा, जॅक लावायचीही गरज नाही.

तिथे ५.५ जे × १५ असं काहीतरी दिसेल. १५ हा व्यास, तो टायरशी तंतोतंत जुळायलाच हवा, यात थोडंफार वगैरे काही नाही. ५.५ म्हणजे रिमची आतली रुंदी इंचात, टायरच्या दोन्ही कडा जिथे टेकतात त्या जागांमधलं अंतर. जे हा रिमच्या कडेचा आकार. सोबत ईटी आणि एक आकडा असेल, उदाहरणार्थ ईटी ४५, तो ऑफसेट, म्हणजे रिमच्या मधोमध रेषेपासून नटांचा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे ते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.

४. रिमची रुंदी आणि टायरची रुंदी यांची जोडी लावा

हा अख्ख्या लेखातला मुख्य मुद्दा आहे. प्रत्येक टायर साइजला रिमच्या रुंदीची एक मर्यादा ठरलेली असते, टायर बनवणारे ती छापतात. आपल्याकडच्या नेहमीच्या साइजच्या मर्यादा अशा:

१७५/६५ साठी रिम ५ ते ६ इंच
१८५/६५ साठी ५ ते ६.५
१९५/६० आणि १९५/५५ साठी ५.५ ते ७
२०५/५५ साठी ५.५ ते ७.५
२१५/६० साठी ६ ते ७.५

आता समजा तुमचं रिम ५.५ चं आहे आणि दुकानदार २१५/६० आर १५ दाखवतोय. टायर चढेल. पण रिम अरुंद असल्यामुळे टायरच्या कडा आत ओढल्या जातात, बाजूच्या भिंती बाहेर फुगतात आणि जमिनीवर टेकणारा भाग मधे गोल होतो, मग मधली नक्षी आधी घासते, वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते, स्टिअरिंग फिरवलं की क्षणभर उशिराने गाडी वळते. उलट बाजूही वाईट, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला तर रिमची कड उघडी पडते, खड्ड्यात ती थेट आपटते आणि जोराच्या वळणावर टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका राहतो. काही मुलं दिसायला मस्त म्हणून असं मुद्दाम ताणून बसवतात. माझी कळकळीची विनंती आहे, करू नका, निदान घरच्यांना बसवता त्या गाडीला तरी नको.

आणि मर्यादेच्या अगदी टोकावरची जोडी चालते म्हणून घेऊ नका, मधली घ्या.

५. टायरची एकूण उंची मोजा

गणित शाळेतलंच आहे. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, वर आणि खाली अशा दोन भिंती म्हणून दुप्पट, २४०.५. रिम १५ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. ही मूळ उंची. नवा टायर यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे जायला नको, आणि मी तर म्हणेन मोठा घेताना २ टक्क्यांतच राहा.

आता काही साइज करून बघू. १९५/५५ आर १६ ची उंची येते ६२०.९, म्हणजे जवळजवळ तीच, म्हणूनच कंपनी ती वरच्या मॉडेलला देते. १९५/६० आर १५ ची ६१५, एक टक्का कमी, चालेल. १९५/६५ आर १५ ची ६३४.५, दोन टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे जागा मोजून बघितल्याशिवाय घेऊ नये. २०५/६५ आर १५ ची ६४७.५, चार टक्क्यांच्याही वर, ही बाद. गंमत बघा, मघाशी २१५/६० रुंदीत बाद झाला होता पण त्याची उंची ६३९ येते म्हणजे ३ टक्क्यांच्या आत बसते, आणि हा २०५/६५ रुंदीत ५.५ च्या रिमवर कसाबसा बसतो पण उंचीत बाद होतो. म्हणून एकच गोष्ट तपासून हो म्हणायचं नाही, सगळ्या तपासायच्या.

उंची वाढली की स्पीडोमीटर कमी दाखवतो. ४ टक्के मोठा टायर असेल तर मीटरवर ८० दिसताना गाडी आधीपेक्षा तीन-साडेतीन किलोमीटरने जास्त पळत असते. पिकअप कमी होतो, घाटात खालचा गियर जास्त लागतो, ब्रेकलाही जास्त काम पडतं. "गाडी जरा उंच हवी, खड्डे आहेत" म्हणून मोठा टायर टाकणारे बरेच आहेत, पण २०५/६५ टाकून गाडी वर येते फक्त १३ मिलिमीटर, त्यासाठी एवढं सगळं बिघडवून घ्यायचं?

६. वजनाचा आकडा कधीच खाली आणू नका

८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. ८२ म्हणजे ४७५, ८४ म्हणजे ५००, ८६ म्हणजे ५३०, ९१ म्हणजे ६१५. आता १५ च्या रिमवर स्वस्तात १७५/६५ आर १५ मिळाला, रिमला बसतो, उंचीत दोन टक्केच कमी, सगळं बरं दिसतंय, पण त्यावर ८४ लिहिलेलं असतं. एका टायरमागे ६० किलो गेले, चार टायरांचे २४० किलो. रोज एकट्याने पणजीला ऑफिसला जाताना काही जाणवणार नाही, पण चवथीला पाच माणसं, डिकी भरून सामान, वर मावळीकडे पोचवायचे नारळ, असं सगळं घेऊन वाळपईच्या बाजूला निघालात की तोच टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि त्यात हवा कमी असेल तर फुटण्याची वेळ येते.

एक अपवाद आहे. बलेनोच्याच उदाहरणात १९५/५५ आर १६ वर सहसा ८७ असतं, ८८ पेक्षा एक कमी. पण ती साइज कंपनीने स्वतः त्या गाडीचं वजन बघून दिलेली आहे, ते चालतं. आपण स्वतः निवडतोय तेव्हा मूळ आकडा किंवा त्याच्या वरचा, एवढंच. काही साइजमध्ये एक्स्ट्रा लोड असा जास्त मजबूत प्रकार मिळतो, त्यावर एक्सएल लिहिलेलं असतं, त्याला हवेचं प्रेशर थोडं जास्त लागतं हे लक्षात ठेवा.

वेगाचं अक्षर: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर ताशी. गोव्यात कोण २१० ने जातंय असं म्हणून खालचं अक्षर घेऊ नका, ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो त्याचंही माप आहे.

७. आपला पाऊस आणि आपले खड्डे

रुंद टायरची पकड जास्त हे कोरड्या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरं आहे. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं, टायर जेवढा रुंद तेवढं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि ब्रेक मारून काही होत नाही. इथे जून ते सप्टेंबर हायवेच्या खोलगट पट्ट्यांत आणि कामं चालू असलेल्या वळणरस्त्यांवर पाणी असतंच. त्यामुळे हौस म्हणून दोन साइज रुंद टायर घेण्यापेक्षा मूळ रुंदीचाच, खोल आणि मोकळ्या खाचांचा चांगला टायर घ्या, पैसे तिथे घाला. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण गोव्यात तिथपर्यंत थांबू नका, ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पावसाच्या आधी बदला.

लो प्रोफाइलचं, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीच्या टायरचंही सांगतो. १८५/६५ ची भिंत १२० मिलिमीटर, १९५/५५ ची १०७, आणि १७ च्या रिमवर २०५/४५ टाकला तर ९२. खड्ड्यात टायर दबतो तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढंच रबर असतं. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, धाडकन आपटतं, दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, त्याला पंक्चरवाल्याकडे न्यायचं नाही, टाकूनच द्यायचा. त्यातून २०५/४५ आर १७ साध्या प्रकारात ८४ चा असतो, म्हणजे वजनातही कमी पडला, एक्सएल घेतला तर ८८ मिळतो. गावाकडच्या, खाणपट्ट्याच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनी १७ च्या नादाला लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

८. अलॉय घेणार असाल तर

टायरसोबत रिमही बदलत असाल तर आणखी चार मापं जुळवावी लागतात.

पीसीडी, म्हणजे नट किती आणि ते किती मोठ्या वर्तुळावर आहेत. ४ × १०० बऱ्याच छोट्या गाड्यांना असतं, ५ × ११४.३ बऱ्याच मोठ्यांना. ४ × १०८ चं रिम ४ × १०० वर ओढूनताणून बसवायचा प्रयत्न कोणी करत असेल तर तिथून सरळ निघा.

मधलं भोक. हे कोणी सांगत नाही. माझ्या मामेभावाने एका दुकानातून "फोर बाय हंड्रेड आहे, बसणारच" असं ऐकून अलॉय घेतले, बसलेही, पण ८० च्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, दोनदा बॅलन्सिंग केलं तरी तेच. शेवटी चाक काढून पट्टी लावली, गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५४.१ मिलिमीटरचा आणि रिमचं भोक ६७.१ चं, म्हणजे चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, सगळा भार नटांवर आणि चाक केसभर बाजूला. मधे भरायच्या हब रिंग मिळतात, बरोब्बर मापाच्या चार रिंग टाकल्यावर थरथर गेली. तुम्ही अलॉय घेतानाच रिंग मागा.

ऑफसेट. मूळ ईटीपासून पाचेक मिलिमीटर फरक सहसा सांभाळला जातो, त्याहून जास्त झालं की चाक एक तर आत सस्पेन्शनला लागतं किंवा बाहेर मडगार्डला. बॉडीच्या बाहेर डोकावणारं चाक दिसायला कितीही आवडलं तरी बेअरिंगवर ताण येतो आणि पोलीस, आरटीओ दोघंही अडवू शकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, त्यामुळे शंका असेल तर पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. बाहेरून घेतलेले अलॉय विम्यात वेगळे लिहून घ्यावे लागतात, नाहीतर क्लेमच्या वेळी ते धरत नाहीत.

नट. काही रिमना तिरक्या बसणीचे नट लागतात, काहींना गोल बसणीचे. जुने नट नव्या रिमवर अर्धवट टेकतात आणि सुटतात. रिमसोबत त्याचेच नट घ्या.

जुने अलॉय घेताना आतल्या बाजूने वेल्डिंगची रेघ आहे का बघा, असेल तर नको. आणि किनाऱ्याजवळच्या गाडीचं रिम असेल, कळंगुट, कोलवा, वास्को वगैरे, तर खाऱ्या हवेने टायर टेकतो ती कड खाल्लेली असते, तिथून हवा हळूहळू जात राहते आणि पंक्चर मात्र कुठेच सापडत नाही.

९. दुकानात उभं राहून काय बघायचं

चाकं आत नेऊन परत आणेपर्यंत चहाला जाऊ नका, समोर उभे राहा.

टायरवर DOT (डॉट) अशी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एक वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. आयएसआयचा शिक्का बघा. उसगावला एमआरएफचा कारखाना आहे म्हणून गोव्यात टायर नेहमी ताजाच मिळतो असं बरेच जण धरून चालतात, पण दुकानाच्या माळ्यावर तो किती पडून होता ते तारीखच सांगते.

जुना टायर उतरला की रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. रबरी व्हॉल्व्ह नवा टाका, किरकोळ किंमत असते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकतो म्हणाला तर नाही म्हणा. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरायच्या दिशेने, आणि आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सटकलं तर गाडी गोल फिरते आणि आवरणं कठीण जातं. एका धुरीवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीवर, दोन वेगळ्या साइज किंवा दोन वेगळ्या नक्षी कधीच नको. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर टायरची पूर्ण साइज आणि शक्य असेल तर नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

१०. बसवल्यावर लगेच चाचणी

गाडी उभी असताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. कुठे घासल्याचा आवाज येतो का ऐका. मग मागे तीन माणसं बसवून एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू न्या. चोडण किंवा दिवाडीची फेरीबोट जवळ असेल तर फेरीच्या रॅम्पवर स्टिअरिंग वळवलेलं असताना चढा, पुढचं चाक तिथे पूर्ण आत दबतं, कमी जागा असेल तर तिथे हमखास कळते. घरी आल्यावर मडगार्डच्या आतलं काळं प्लास्टिक टॉर्चने बघा. धुळीने मळलेल्या प्लास्टिकवर एखादा चकचकीत पुसलेला पट्टा दिसला तर टायर तिथे लागतोय. प्लास्टिक कापून जागा करून देतो असं कोणी म्हणेल, ऐकू नका, साइज बदलून घ्या.

नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) परत तपासून घ्या, अलॉयला तर नक्कीच. नव्या टायरवर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून, विशेषतः पावसात. हवा टायर थंड असताना सकाळी भरा. साइज तीच असेल तर स्टिकरवरचं प्रेशर, वरच्या मॉडेलची साइज असेल तर त्या साइजपुढे छापलेलं.

राहिली स्टेपनी. चारही चाकांची साइज बदलली आणि स्टेपनी जुनीच राहिली तर तिची एकूण उंची नव्या टायरशी जुळते का ते पाचव्या पायरीतल्या गणिताने बघा. जुळत नसेल तर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, हळू चालवत. २०२० च्या नियमबदलानंतर टायर प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालते, तुमची गाडी तशी असेल तर किटमधल्या द्रवाची तारीख उलटलेली नाही ना ते टायर बदलतानाच बघून घ्या.